आरीपासून अक्षरापर्यंत



आम्ही चौथी शिकून कारखान्यात लागलो. पुढचे वाचन रात्रीचे, युनियनच्या कचेरीत. पुस्तकावरच मान पडे. म्हणून विल्यम केरी आम्हांला आपला वाटतो.

१७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात जन्मलेला हा मुलगा जोडे शिवण्याचे काम शिकत होता. मालकाच्या दुकानातील बायबलवरच्या टीकेत त्याला अनोळखी अक्षरे दिसली. ती ग्रीक होती. त्याने ती उतरून घेतली आणि गावातल्या एका शिकलेल्या विणकराकडून समजून घेतली. पुढे आरी चालवीतच त्याने ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केली.

१७९३ साली तो बंगालात आला. श्रीरामपुराहून १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश निघाला. त्या कामात पंडित वैजनाथांचा हात होता. केरीचे नाव राहिले. विणकराचे आणि पंडिताचे किती जणांस ठाऊक आहे?

एकट्याने कोणी शिकत नाही. आठ तासांच्या पाळीसाठी आम्ही भांडतो ते केवळ विसाव्यासाठी नव्हे. जोडे शिवणाऱ्याला अक्षर विचारायला वेळ हवा, आणि विणकराला ते सांगायलाही.