आडनांव आणि पूर्वज
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली हा मागें वळून पाहण्याचा दिवस. आपलें देऊळ उभारणाऱ्यांची आठवण माझ्यापूर्वींच्या वक्त्यांनीं यथायोग्य केली आहे. मीं घराघरांतील आठवणींविषयीं दोन शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. "आपले मूळ पूर्वज कोण?" हा प्रश्न वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत जितका आवडीचा, तितकाच नाजूक आहे.

आमच्या घरीं त्याचें उत्तर तयार होतें. आडनांव पोर्तुगीज, त्यावरून मूळ पुरुष कोणी पोर्तुगीज कप्तान, असें आजोबा मोठ्या अभिमानानें सांगत. याच अभिमानापायीं त्यांच्या धाकट्या बहिणीला आलेलें एक चांगलें स्थळ परत गेलें. मुलगा सुशील, धर्मनिष्ठ, घरची वाडी बरी. परंतु त्याच्या घराण्याला 'फिरंगी मूळ' नाहीं असें आमच्या वडीलधाऱ्यांनीं ठरविलें. आमची ती आत्याआजी जन्मभर अविवाहित राहिली. ती वारली तेव्हां मी शाळेंत होतों. पुढें कळूं लागल्यावर एकच विचार मनाला टोंचूं लागला: ज्याच्यापायीं तिचा संसार मांडला गेला नाहीं, तो कप्तान होता तरी कोण?

प्रथम मीं इतिहास पाहिला. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें 23 डिसेंबर 1534 च्या तहानें वसई व आसपासचीं बेटें पोर्तुगिजांस दिलीं. मे 1739 मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. या दोनशें चार वर्षांत पोर्तुगालहून आलेलीं माणसें येथें खरोखर स्थायिक झालीं, हें नाकारतां येत नाहीं. गोवा 1510 सालीं जिंकल्यावर आल्बुकर्क यानें आपल्या लोकांस एतद्देशीय स्त्रियांशीं विवाह करण्यास उत्तेजन दिलें. अशा संसारी रहिवाशांना ते 'कासादो' म्हणत. उत्तर प्रांतांतील गांवें त्यांना ठराविक खंडानें, बहुधा तीन पिढ्यांच्या करारावर, मिळत. सिमांव बोतेल्यो याचें 1554 चें 'तोंबो' नांवाचें दफ्तर अशा वसुलाची साक्ष देतें. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज व आई येथीलच होती, असें परंपरा सांगते. जपानांत नागासाकी येथें 5 फेब्रुवारी 1597 रोजीं त्यांना हौतात्म्य आलें आणि 1862 सालीं त्यांना संतपद मिळालें. तेव्हां मिश्र घराणीं होतीं, हें खरें.

परंतु तीं थोडीं होतीं. बाप्तिस्मा घेणारे लोक येथलेच शेतकरी, बागाईतदार, कोळी, आगरी व भंडारी होते. नवख्रिस्ती मनुष्याला संताचें नांव मिळे आणि आडनांव पुष्कळदा धर्मपित्याचें किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचें मिळे. धर्मपिता पोर्तुगीज असला म्हणजे आडनांवहि पोर्तुगीज होई. रक्ताचा त्याशीं संबंध नसे. आपल्यांतील 'कुपारी' हा शब्द 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दापासून आला असें मानतात, आणि त्याचा अर्थ धर्मपित्याच्या नात्यानें जोडलेला सोयरा असाच आहे. वसई पडल्यावर पोर्तुगीज जमीनदार घराणीं बहुतांशीं निघून गेलीं. मागें राहिली ती जमीन कसणारी व जाळें टाकणारी ख्रिस्ती प्रजा. देवळें, प्रार्थना आणि आडनांवें तिनेंच जतन केलीं.

इतकें वाचूनहि आमचा कप्तान मीं सोडला नव्हता. मग देवळाच्या वह्यांकडे वळलों. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें 1563 सालीं विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवण्यास फर्माविलें आणि 1614 च्या रोमी विधिग्रंथानें त्यांची पद्धत घालून दिली. आपणांसारख्या सामान्य घरांना या वह्यांइतका दुसरा लेखी पुरावा क्वचितच असतो. एका जुन्या देवळाच्या पाद्रीबाबांनीं कृपाळूपणें कपाट उघडून दिलें. तीन पावसाळे सुट्टीच्या दिवशीं मी तेथें बसलों. कसर लागलेलीं पानें, फिकट शाई, पोर्तुगीज भाषा. एकेका नोंदीस एकेक दुपार गेली.

पणजोबा सांपडले, त्यांचे वडील सांपडले आणि त्यांच्याहि मागें एक पिढी गेलों. तेथें एकाच आईबापांच्या दोन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी होत्या. धाकट्याचा धर्मपिता आमच्या आडनांवाचा. थोरल्याचा धर्मपिता दुसऱ्या आडनांवाचा. पुढें विवाहाच्या वहींत दोघे भाऊ आपापल्या धर्मपित्याचें आडनांव लावून उभे आहेत. त्यांच्या बापाच्या नांवापुढें आळीचें नांव आणि 'शेतकरी' एवढेंच लिहिलेलें. कप्तान कोठेंच नव्हता.

थोरल्याचा वंश मीं खालीं आणला, आणि माझा हात थांबला. आत्याआजीला आलेलें स्थळ त्याच घरचें होतें. ज्यांना आम्हीं हलकें मूळ म्हणून नाकारलें, ते आमच्याच आजोबांचे भाऊबंद निघाले. पिढ्यांचें अंतर इतकें पडलें होतें कीं धर्मसभेच्या नियमाची आडकाठीहि आली नसती. आडकाठी आमच्या गर्वाचीच होती.

बंधुभगिनींनो, थोडा हिशेब करा. पिढी तीस वर्षांची धरली तर 1534 पासून आजवर सोळा पिढ्या होतात. दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा, असें दुप्पट करीत गेल्यास सोळाव्या पिढींत 65,536 पूर्वजांच्या जागा येतात. गांवें लहान, म्हणून एकच मनुष्य अनेक जागीं येणार, हें उघड आहे. त्यांत एखादा लिस्बनचा शिपाई असेलहि. त्या एकाचा टेंभा मिरवून, पेरणाऱ्या, मीठ पिकविणाऱ्या आणि होडी वल्हविणाऱ्या बाकीच्या हजारोंना घराबाहेर ठेवणें हा कोणता न्याय?

म्हणून माझी विनंती अशी कीं आपापल्या वंशाचा शोध अवश्य घ्यावा, पण खालून वर घ्यावा. आधीं घरांतील वृद्धांस विचारून गांव, आळी, माहेर व धर्मपिता लिहून ठेवा. मग बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या धर्मगुरूंच्या परवानगीनें पाहा. मुंबई-साष्टींत 1928 च्या करारापर्यंत पाद्रोआदो व प्रोपागांदा असे दोन अधिकार नांदत होते. यामुळें एकाच घराच्या नोंदी दोन देवळांत विखुरलेल्या असूं शकतात. जमिनीचे उतारे, क्रुसावरील लेख यांकडेहि लक्ष द्या. आडनांवापेक्षां घरची बोली, लग्नांतील उंबराचें पाणी, बायकांचे दागिने यांतून मूळ अधिक बोलतें. जेथें नोंद तुटते तेथें थांबा. पुढें कप्तान घालूं नका.

आमच्या पाद्रीबाबांनीं त्या वह्या आतां कोरड्या जागीं ठेवल्या आहेत. या ज्युबिलीची आठवण म्हणून आपल्या देवळाच्या वह्यांची नीट नक्कल व्हावी, असें मीं मंडळास सुचविलें आहे. पुढच्या पिढीस तें दान होईल.

गेल्या सर्व मृतांच्या दिवशीं मीं आत्याआजीच्या थडग्यावर दोन मेणबत्त्या लावल्या: एक तिच्यासाठीं, दुसरी त्या नाकारलेल्या घरच्या गृहस्थासाठीं. त्याचे पुतणे माझ्यासमवेत होते. आम्हीं एकत्र प्रार्थना केली आणि परततांना त्यांच्याच ओटीवर चहा घेतला. आमच्या घराण्याच्या स्मरणांत त्या ओटीवर आमचें पाऊल प्रथमच पडलें.

प्रभु आपणां सर्वांस व आपल्या पूर्वजांस शांति देवो. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.