दोन पुस्तके आणि आपला मुलूख



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर थोर विषय मांडण्याची वहिवाट पडली आहे. माझा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. अलीकडे जी पुस्तके वाचली, त्यांच्याविषयी मला काय वाटले ते सांगावे, एवढीच चालकांची आज्ञा आहे. वैशाखातल्या या उकाड्यात आपण कारखान्याची पाळी संपवून किंवा लोकलने उभ्याउभ्या येऊन येथे बसला आहात. तेव्हा निदान मनात असेल तेच बोलावे, असे मी ठरविले आहे.

कारण पुस्तकाविषयी मनातले न बोलण्याची कला आपण मराठी माणसांनी बरीच वाढविली आहे. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'ने आणि त्यामागून १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने ग्रंथ तपासून पाहण्याची शिस्त आपल्याला लावली. शास्त्रीबुवांचा आसूड कोणाच्या पाठीवर पडेल याचा नेम नसे. पण तो पडायचा तर पुस्तक वाचलेले असावे लागे. आज 'पोच आणि अभिप्राय' म्हटले की पोच तेवढी मिळते. 'छपाई सुबक, मुखपृष्ठ आकर्षक, प्रत्येकाने संग्रही ठेवावे.' संग्रही ठेवा म्हणणारा 'वाचा' म्हणत नाही, हे आपण ध्यानात घेतले आहे काय?

असो. मी वाचलेली, खरे म्हणजे पुन्हा वाचलेली, पुस्तके दोन. एक गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो', आणि दुसरे अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून'. दोन्ही आपल्या मुलखाची आहेत. मुंबईच्या वाचकाला ती दूरच्या रानातली हकीकत वाटेल. आपल्याला तसे म्हणून सुटता येत नाही. येथून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, की तो मुलूख खिडकीतून दिसू लागतो.

गोदावरीबाईंचे पुस्तक १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. बाई पुण्याच्या, एका नामांकित वकिलाच्या घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तीत माह्या धांगडा नावाचा वारली पुढे आला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. वेठ म्हणजे मालकाच्या शेतावर फुकट राबणे. तिच्याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये उचलायचे, आणि ते फेडण्याकरिता नवऱ्याने व त्याच्या बायकोने जन्मभर मालकाच्या दारी राहायचे. ज्या विधीने माणसाचा संसार सुरू व्हायचा, त्याच विधीने त्याची गुलामी सुरू व्हायची. अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके मी चाळली आहेत. पण कर्ज म्हणजे काय, हे मला या पानांनी शिकविले.

या पुस्तकाचे खरे बळ कशात आहे? अत्याचारांच्या वर्णनात आहे, असे बहुतेक म्हणतात. मला तसे वाटत नाही. अत्याचारांची वर्णने सरकारी अहवालांतही सापडतात. भीती माणसाच्या अंगातून उतरते कशी, पायरीपायरीने, हे बाईंनी दाखविले आहे. वारल्यांची मागणी काय होती पाहा : पाचशे पौंड गवत कापले तर अडीच रुपये मिळावेत. एवढीशी मागणी! पण जो माणूस मालकासमोर मान वर करीत नव्हता, त्याने आकडा उच्चारला, हीच मोठी घटना होती. त्या आकड्याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती असे पाच जण पडले. पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या चौकातून आपण रोज जातो. तलवाड्याच्या पाचांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? आपल्याकरिता ती राहिली आहेत, ती मुख्यतः या पुस्तकामुळे.

आता दोष. बाई कार्यकर्त्या आहेत आणि ते लपवीत नाहीत, हे ठीकच. परंतु जेथे सभेच्या ठरावाची भाषा शिरते, तेथे पुस्तक थंड पडते. जमीनदार सारे एकाच रंगाचे दिसतात. मला त्यांच्याविषयी दया नको आहे. पण जुलूम करणारा माणूस घरी जेवताना काय बोलत असेल, हे कळले असते तर जुलूम अधिक समजला असता. असे म्हटले की कोणी म्हणेल, ज्यांच्या पाठीवर फटके बसले त्यांना हे विचारा. रास्त आहे. पण मग ते फटके खाणाऱ्यानेच लिहायला हवे, आणि त्या मुद्द्यावर मी येणारच आहे.

अनुताईंचे पुस्तक अगदी निराळ्या प्रकृतीचे. जन्म मोरगावचा, बालपणीच वैधव्य, आणि १९४५ साली ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीला. वर्ष ध्यानात घ्या. झरीला शपथ झाली ते हेच वर्ष, आणि पट्टाही हाच. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाकडे न्यावी, म्हणून अंगणवाडी. मूल गुरे राखते, तर कुरणातच वर्ग भरवावा, म्हणून कुरणशाळा. विकत आणलेल्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने. वाक्ये साधी, कोठेही नटणे नाही. शैली म्हणून कोणी या पुस्तकाला गुण देणार नाही. पण मुलाला आधी अंघोळ घालावी लागते आणि मग अक्षर, हा क्रम ज्या बाईने हातांनी पाळला, तिला अलंकारांची आठवण कशाला यावी?

मात्र एक गोष्ट मनाला लागते. गुरे राखणारे मूल गुरे का राखते, कोणाची राखते, हा प्रश्न अनुताईंच्या पानांवरून उठतो आणि त्याचे पुरते उत्तर गोदावरीबाईंच्या पानांवर मिळते. उलट, वेठ सुटल्यावर त्या वारल्याच्या मुलाने पुढे काय करावे, हा प्रश्न गोदावरीबाईंचे पुस्तक मिटल्यावर उरतो, आणि त्याचे उत्तर कोसबाडला शोधावे लागते. म्हणून माझी शिफारस अशी : या दोघींना वेगळ्या कपाटांत ठेवू नका. आपल्या ग्रंथालयांत एक 'राजकारणा'खाली आणि दुसरे 'शिक्षणा'खाली जाऊन बसते, आणि एकाच रानात काम केलेल्या दोन बायका एकमेकींना भेटत नाहीत.

आता तो राहिलेला मुद्दा. दोघीही पुणे जिल्ह्याकडून आलेल्या. दोघींनी आयुष्य दिले, त्यात तिळमात्र शंका नाही. तरी दोन्ही पुस्तकांत वारली हा 'तो' आहे, 'मी' नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि मराठीत एका नव्या 'मी'ने जागा घेतली. आपल्या पाड्यांवरचा तो 'मी' कोठे आहे? वारली लिहीतच नव्हता, असेही नाही. लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक काढतात, मध्यभागी पालघट देवी. आणि वारली माणूस चौक 'काढला' म्हणत नाही, 'लिहिला' म्हणतो. जिव्या सोमा म्हशांनी हे लिहिणे भिंतीवरून कागदावर आणले, जगभर नेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच चित्रे आपण चहाच्या पेल्यांवर छापून विकत घेतो आणि वाचीत मात्र नाही. नाचणाऱ्यांच्या त्या वेटोळ्यात तारपा वाजविणारा कोठे उभा आहे, एवढेही आपण पाहत नाही.

आणि केवळ वारल्यांचेच कशाला? तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिसरी आणि चौथी भट्टी २००५-०६ साली चालू झाली, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरणची माणसे घरे सोडून दुसरीकडे वसली. त्यांतल्या एखाद्या मच्छीमार बाईने समुद्र मागे टाकताना काय पाहिले, बोईसरच्या रसायनांच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या परप्रांतीय पोराला नाकाला झोंबणाऱ्या त्या वासात कोणते गाव आठवते, ही पुस्तके मला वाचायची आहेत. त्यांच्यावर अभिप्राय द्यायला मी याच जागी पुन्हा उभा राहीन. आणि ती वाईट उतरली असतील, तर वाईट आहेत असेच म्हणेन.

तोवर एक विनंती. आपल्या ग्रंथालयात टेबलावर एक साधी शंभर पानी वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने चार ओळी लिहाव्यात. 'छान' हा शब्द तेवढा वर्ज्य. आणि गोदावरीबाईंच्या पुस्तकातली लग्नगड्याची पाने कोणीतरी तलासरीच्या एखाद्या पाड्यावर, म्हाताऱ्या माणसांसमोर, मोठ्याने वाचून दाखवावीत. ती माणसे आता थोडी उरली आहेत. ती जे बोलतील, तेही त्याच वहीत उतरवून घ्यावे.