औषध आणि गावची रीत

श्रोतेहो, माणूस आजारी का पडतो असे विचारले, तर आपण चटकन सांगतो की पोटात जंतू गेले म्हणून. उत्तर खोटे नाही. पण हे जंतू गावातल्या ठराविक घरांतच वरचेवर का शिरतात, असे कोणी पुढे विचारले, तर नुसत्या वैद्यकाला उत्तर देता येत नाही. मग गावची रीत पाहावी लागते.

जामखेडचेच उदाहरण घेऊ. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर पतिपत्नी 1970 साली तेथे कामाला लागले. त्यांच्या प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे 1971 साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. आणि रोग तरी कोणते? हगवण, धनुर्वात, छातीचा विकार; शिवाय पोटाला पुरेसे नाही. यातल्या कशालाही विलायतेहून औषध आणावे लागत नाही.

प्रथम त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावांत ठेवून पाहिल्या. ते काही जमले नाही. परक्या तरुण बाईने गावात एकटीने राहायचे कसे? आणि गावालाही ती आपली वाटेना. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी असे ठरले. या बायांपैकी कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. दर आठवड्याला जामखेडला यायचे, सर्व जातींच्या बायांनी एकत्र जेवायचे, राहायचे, शिकायचे आणि परत जाऊन गावाला सांगायचे.

आता बघा, मुलाला हगवण लागली की त्याचे पाणी तोडायचे, ही आपल्याकडची जुनी समजूत. डॉक्टरने उलट सांगितले, तर घरची म्हातारी मान डोलावते आणि करायचे तेच करते. पण चार बाळंतपणे काढलेली शेजारीण चुलीपाशी बसून मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजू लागली आणि पोर डोळे उघडून पाहू लागले, की म्हातारीला वाद घालायला जागा उरत नाही. शेजारणीची जात कोणती, हेही त्या घटकेला कोणी विचारीत नाही.

जातीची गाठ पाण्यापाशी मात्र फार घट्ट असते. 1972 च्या दुष्काळात विंधनविहिरी घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी हातपंप दलित वस्तीत बसविले. तहान लागल्यावर सारा गाव तेथे घागरी घेऊन आला! व्याख्यानांनी जे साधले नसते, ते पंपाच्या दांड्याने साधले, असे मला वाटते. त्यांच्याच नोंदीनुसार 1976 पर्यंत बालमृत्यू हजारी 52 वर आले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग सगळे आलबेल झाले काय? पंडुरोगाच्या, म्हणजे रक्त कमी असण्याच्या, दुखण्याकडे पाहा. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना 1970 पासूनची. तरी 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींना पंडुरोग आढळला. गोळी पोटात गेली, न गेली, हा एक प्रश्न झालाच. दुसरा प्रश्न ताटाचा. सर्वांचे जेवण उरकल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी आणि भांड्याच्या तळची आमटी कोणाच्या वाट्याला येते, ते आपण जाणताच. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत पोषण आहाराला मुलगे आणि मुली एकाच वेळी पंगतीला बसतात. घरी कोण केव्हा बसते, हे मुलांना एकदा वहीत लिहून आणायला सांगा. हिशेबाच्या तासाला चालेल.

गावातलीच बाई ही कल्पना पुढे देशभर गेली. 2005 सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण हजार वस्तीमागे एक 'आशा' नेमली. बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, लसीची आठवण करणे, तान्ह्या मुलाला घरी जाऊन पाहणे, सारे तिच्याकडे. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने या आशांचा गौरव केला. सरकारदरबारी मात्र ती स्वयंसेविका. तिला पगार नाही. मानधन, आणि कामागणिक मोबदला. तोही पुष्कळदा रखडतो. रात्री दोन वाजता कोणाची सून अडली, तर गाव हक्काने हाक मारतो ती तिलाच. त्या हाकेचा मोबदला किती आणि तो कधी हातात पडला, हे तिला आपल्या गावात कोणी विचारले आहे काय?