वस्तीतले चित्रघर



अमेरिकेतील लॉस एंजेलिस हे शहर सिनेमाच्या धंद्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. पण त्याच शहराच्या पूर्व भागात मजूर, कारागीर आणि लहान दुकानदार यांची मोठी वस्ती आहे. हे लोक बहुतेक मूळचे मेक्सिकन, घरी स्पॅनिश बोलणारे. त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःला ‘चिकानो’ म्हणवतात. त्यांच्या वस्तीत उभ्या राहिलेल्या एका चित्रघराची हकीकत मी आज सांगणार आहे.

प्रथम हे लोक कोण, ते पाहू. कॅलिफोर्निया हा मुलूख पूर्वी मेक्सिकोचाच. १८४६ ते १८४८ या युद्धात मेक्सिको हरला आणि तो मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसे आपल्या जागीच राहिली, राज्य मात्र बदलले. पुढे पोटासाठी आणखी पुष्कळ लोक मेक्सिकोतून आले. कोणी कारखान्यांत शिरले, कोणी द्राक्षांच्या मळ्यांत राबू लागले. १९६५ साली डिलेनो येथे द्राक्षमळ्यांतील मजुरांचा मोठा संप झाला. त्यात सेसार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता हे पुढारी होते. ‘चिकानो’ हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. याच सुमारास तरुणांनी तो अभिमानाने स्वतःला लावून घेतला.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढची गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या मुलांनी शाळेत घरची भाषा बोलली, तर त्यांना शिक्षा होई. पुस्तकात त्यांच्या वाडवडिलांचा इतिहास जवळजवळ नव्हताच. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतील हजारो मुले वर्ग सोडून बाहेर पडली. आम्हाला आमचा इतिहास शिकवा, आमच्या भाषेला वर्गात जागा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. साल कास्ट्रो नावाचे शिक्षक मुलांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यावर खटलाही भरण्यात आला.

जी गत शाळेची, तीच चित्रसंग्रहालयाची. शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात चिकानो चित्रकारांना स्थान नव्हते. १९७२ साली ‘आस्को’ या गटातील काही तरुणांनी रंगाचे फवारे घेतले आणि त्या संग्रहालयाच्या प्रवेशाजवळ आपली नावे लिहून टाकली. चित्रे आत घेत नाही ना, मग हे संग्रहालयच आमचे चित्र, असा त्यातला भाव. नावे लवकरच पुसली गेली. पण प्रश्न पुसला गेला नाही : ज्यांची चित्रे कोणी भिंतीवर लावत नाही, त्यांनी जावे कोठे?

त्याचे एक उत्तर वस्तीतच तयार होत होते. कॅरन बोकालेरो ही एक ख्रिस्ती जोगीण, स्वतः छापचित्रे करणारी. तिने १९७० साली कार्लोस ब्वेनो, आंतोनियो इबान्येझ आदी चित्रकारांच्या साहाय्याने एका मोटारखान्यात काम सुरू केले. संस्थेचे नाव ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’. सेल्फ हेल्प म्हणजे स्वावलंबन.

येथे मुख्य काम स्क्रीन प्रिंटिंगचे. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या याच रीतीने छापतात. चौकटीवर तलम जाळी ताणायची, नको तो भाग बुजवायचा आणि रबरी पट्टीने रंग खाली दाबायचा. जितके रंग, साधारण तितक्या वेळा छपाई. यात मर्म असे, की तैलचित्र एकाच श्रीमंताच्या घरी जाते. छापचित्राच्या अनेक प्रती निघतात आणि मजुराच्या घरच्या भिंतीलाही एखादी परवडते.

एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. १९७५ साली त्यांनी एक मोटारगाडी कलेच्या सामानाने भरली आणि ती शाळांच्या दारी नेऊ लागले. मुले चित्रघरात येत नसतील, तर चित्रघराने मुलांकडे जावे.

मेक्सिकन लोक नोव्हेंबरच्या आरंभी मृतांचा सण पाळतात. गेलेल्या आप्तांची तसबीर मांडतात, दिवे लावतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि झेंडूची फुले वाहतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, बरे का! शहरात येऊन हा सण मागे पडत चालला होता. १९७० नंतरच्या काही वर्षांतच या संस्थेने तो मिरवणुकीसह वस्तीच्या रस्त्यावर आणला. पुढे तो शहरभर पसरला.

संकटे आलीच. कॅरनबाई १९९७ साली वारल्या. जुनी इमारत मालकांनी २००८ साली विकली. २०११ साली संस्था जवळच्याच बॉइल हाइट्स वस्तीत गेली. पण काम बंद पडले नाही. आणि गंमत पाहा : ज्या संग्रहालयावर आस्कोच्या तरुणांनी नावे लिहिली होती, त्यानेच २०११ साली त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याला एकोणचाळीस वर्षे लागली. दरम्यान या तरुणांच्या कामाला जागा दिली होती वस्तीतल्याच चित्रघराने.

मोठ्या संग्रहालयाचे दार उघडले, हे चांगलेच झाले. पण ते उघडण्याची वाट पाहत ही माणसे बसली असती, तर एका पिढीच्या मुलांनी आपल्या घरचे चित्र कोठेच पाहिले नसते. मुलाला वर्गाच्या भिंतीवर आपले घर, आपली आई, आपले शेत दिसले, की ते मान वर करून बसते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एक मोटारखानाही पुरतो.