किल्ली मिळाल्यानंतरचा खर्च



चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचं शोळिंगनल्लूर हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर असेल, कारण आपली मुलं तिथे नोकरीला आहेत. इन्फोसिसचा कॅम्पस तिथे, एल्कॉटचं सेझ तिथे. त्याच सिग्नलवरून पश्चिमेला मेडवाक्कमकडे वळलात की पेरुंबाक्कम लागतं. आठमजली इमारतींच्या रांगाच रांगा. उत्तरेला कण्णगी नगर, दक्षिणेला सेम्मंचेरी. या वसाहतींत मिळून सुमारे ५०,००० सरकारी घरं आहेत आणि त्यांत बहुतांशी शहराच्या पोटातून, नदीकाठावरून उठवून आणलेली माणसं राहतात.

ही घरं बांधायला पैसा मिळाला, हे आधी मान्य करू. तमिळनाडूनं १९७० सालीच झोपडपट्टी निर्मूलन मंडळ काढलं. २०२१ मध्ये त्याचं नाव बदलून नागरी वसाहत विकास मंडळ झालं. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. तिच्यात चेन्नईएवढ्या शहरातल्या गरिबांच्या घरांसाठी निम्मा पैसा केंद्राचा, उरलेला राज्य, स्थानिक संस्था आणि लाभार्थी यांचा. लाभार्थ्याचा वाटा किमान १२ टक्के, अनुसूचित जाती-जमाती व अन्य दुर्बल घटकांसाठी १० टक्के. कागदावर हिशेब चोख होता. स्वस्त जमीन मात्र शहराबाहेरच मिळते, आणि इथे ती पळ्ळिकरणैच्या पाणथळीच्या आसपास मिळाली. २०१५ च्या महापुरानंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठची कुटुंबं पेरुंबाक्कमला हलवली. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळाचं पाणी तिथेही शिरलं.

पण मला आज पाण्याबद्दल बोलायचं नाही, खर्चाबद्दल बोलायचं आहे.

झोपडीला लिफ्ट नसते. सातव्या मजल्यावरच्या घराला लागते. आणि ती बंद पडली की प्लॅस्टिकची घागर कमरेवर घेऊन बाई जिना चढते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, तुंबलेली गटारं – यांचं बिल दर महिन्याला येतं, आणि बांधकामाच्या अनुदानात ते कुठेच नसतं. शहरातल्या मैलापूरला चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पूर्वी चालत कामावर जाता येई. पेरुंबाक्कमहून तेच काम वीस-पंचवीस किलोमीटरवर गेलं. अनेकींनी काम सोडलं, मुलांच्या शाळा सुटल्या. घर फुकटाच्या भावात मिळालं आणि संसार महाग झाला.

म्हणून मला वाटतं, पेरुंबाक्कमला मिळालेलं सगळ्यात उपयोगी गृहअनुदान गृहनिर्माण खात्यानं दिलेलंच नाही. ते मे २०२१ मध्ये शहर बससेवेनं दिलं: साध्या बसमध्ये बायकांना तिकीट शून्य. (आपल्याकडे एसटीनं २०२३ मध्ये बायकांचं तिकीट अर्धं केलं, तेव्हा याच नजरेनं कुणी पाहिलं का, ठाऊक नाही.) दुसरी शहाणी गोष्ट म्हणजे ‘नम कुडियिरुप्पु नम पोरुप्पु’, आपली वसाहत आपली जबाबदारी, ही योजना. रहिवासी संघ देखभालीसाठी जेवढी वर्गणी गोळा करील, तेवढीच भर सरकार घालतं. रक्कम लहान, पण ही योजना दरमहाच्या खर्चाचा विचार करते.

सोलापूरकरांना हे ओळखीचं वाटेल. कुंभारीच्या रे नगरात कामगारांच्या ३०,००० घरांचा प्रकल्प कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी लढून उभा केला. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचे कामगारानं स्वतःचे किंवा कर्जाचे. पगाराची पावती नसलेल्या विडी कामगार बाईला कर्ज मिळवून देणं हे लहान काम नव्हे. पण ती बाई विड्या घरात वळत असली तरी पानं-तंबाखू आणायला आणि विड्या जमा करायला तिला कारखाना गाठावाच लागतो. तेव्हा बसचा प्रश्न तिथेही आहेच, आणि वर कर्जाचा हप्ता.

आता अशी माणसं घ्या ज्यांना नुसत्या चार भिंती पुरत नाहीत. शोळिंगनल्लूरहून दक्षिणेला, समुद्राकाठी कोवळम आहे. तिथे ‘द बॅनियन’ या संस्थेचं मोठं काम आहे. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या, घरच्यांनी न नेलेल्या बायकांसाठी संस्थेनं २०१५ पासून ‘होम अगेन’ चालवलं आहे. साध्या गल्लीत साधं भाड्याचं घर, चार-पाच जणी, आणि मदतीला त्याच भागातली एखादी बाई. बाजार, स्वयंपाक, शेजारणीशी भांडण, सगळं नेहमीसारखं. आपल्या रत्नागिरीतही ही संस्था आता काम करते.

या घरांचा खर्च पाहा: भाडं, किराणा, औषधं, मदतनिसाचा पगार. बांधकाम शून्य! म्हणजे बांधकामाच्या अनुदानात बसत नाही, आणि तारण ठेवायला काही नसल्यानं बँकही दारात उभं करत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं अशा माणसांना समाजात राहण्याचा हक्क दिला, रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासस्थानं (हाफवे होम) उभारायची जबाबदारी सरकारवर टाकली. ती चालवायचा पैसा अंदाजपत्रकातल्या कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, ते प्रत्येक कार्यालय दुसऱ्याला विचारतं.

आपल्याकडे असं एक लेखाशीर्ष तयार आहे. महाराष्ट्रात नगरपालिका आणि महानगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. मार्चअखेरीस हा निधी कसा संपवतात, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. त्यातून गावात अशा दोन घरांचं वर्षाचं भाडं आणि मदतनिसांचे पगार द्यावेत, एवढा एक ठराव पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत मांडून घ्या. तुमचे दोन नगरसेवक पहिल्याच रांगेत बसलेले मला दिसताहेत.