जुन्या मस्टँगचा मागचा ॲक्सल

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद कितीही वाढवली, तरी ती रस्त्यापर्यंत पोचवायची ती मागच्या ॲक्सलनेच. या ॲक्सलची कामे तीन. प्रॉपेलर शाफ्टची गती काटकोनात वळवून चाकांना देणे. फेरे कमी करून त्या प्रमाणात टॉर्क, म्हणजे पीळ, वाढवणे. आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फेरे घेऊ देणे. पहिली दोन कामे क्राउन आणि पिनियन ही दातेरी जोडी करते, तिसरे डिफरन्शियल. इंजिन सुधारताना हौशी माणूस कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट, सायलेन्सर यांवर पैसे ओततो. ॲक्सलची आठवण त्याला शाफ्ट तुटल्यावर येते.

फोर्डने 17 एप्रिल 1964 रोजी बाजारात आणलेली मस्टँग हे याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी या गाडीवर जेवढे हात साफ केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या गाडीवर केले असतील. सहा सिलिंडरच्या मस्टँगला सव्वासात इंच व्यासाच्या क्राउनचा ॲक्सल आणि चार बोल्टची चाके होती. व्ही-8 गाड्यांना आठ इंची ॲक्सल आणि पाच बोल्ट. सुरुवातीला नऊ इंची ॲक्सल मिळे तो फक्त 271 अश्वशक्तीच्या खास इंजिनाला. 225 अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे 413 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे 2.78 आणि ॲक्सलचे 3.00 हे गुणोत्तर धरले, तर घर्षण सोडून चाकांपाशी सुमारे 3,450 न्यूटन-मीटर पोचतात. त्या काळचे अरुंद टायर एवढ्या पिळाला आधीच घसरत आणि ॲक्सल वाचे. आजचे रुंद, चिकट टायर घसरत नाहीत, आणि तो सगळा हिसका दात्यांवर आणि शाफ्टवर बसतो.

यावर पहिला सल्ला मिळतो तो नऊ इंची ॲक्सलचा. 1957 साली आलेला हा ॲक्सल खरोखर दणकट आहे, कारण त्यातल्या पिनियनला आतल्या टोकालाही तिसऱ्या बेअरिंगचा आधार असतो. पण जुना नऊ इंची आता सहज सापडत नाही आणि नवा पूर्ण जुळवलेला घ्यायचा, तर बिल हजारो डॉलरमध्ये जाते. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी एवढा खर्च अनाठायी आहे. शिवाय त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून जास्त खाली असल्याने दाते एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद उष्णतेत जाते.

स्वस्त वाट भंगाराच्या आवारातून जाते. फोर्डचीच एक्सप्लोरर ही एसयूव्ही अमेरिकेत 2000 या एका वर्षात चार लाखांहून अधिक विकली गेली. तिच्या मागे 8.8 इंची ॲक्सल होता. चारदारी एक्सप्लोररला 2002 च्या मॉडेलपासून स्वतंत्र सस्पेन्शन आले, त्यामुळे कामाच्या गाड्या 1995 ते 2001 या काळातल्या. या ॲक्सलच्या शाफ्टला 31 दाते आहेत, मस्टँगच्या आठ इंचीला 28. दात्यांचे माप सारखेच, म्हणजे शाफ्टचा व्यास जवळजवळ दहा टक्के वाढतो. पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताकदीत सुमारे एक तृतीयांशाची भर पडते. डिस्क ब्रेक कंपनीनेच बसवलेले असतात, आणि चाकांच्या पाच बोल्टचे 114.3 मिलिमीटरचे वर्तुळ व्ही-8 मस्टँगशी तंतोतंत जुळते. लाखोंच्या संख्येने बनलेल्या, कारखान्यातच जुळवलेल्या वस्तूचा असा फायदा मिळतो. काही शे डॉलरमध्ये घराशी आलेला हा ॲक्सल तेवढ्याच पैशांच्या सुट्या भागांपेक्षा कितीतरी सरस ठरतो.

निवडताना मात्र घाई करू नये, कारण खरी बचत याच टप्प्यावर होते. हवे ते गुणोत्तर आणि हवे ते डिफरन्शियल आधीच आत असेल, तर क्राउन-पिनियन उघडावेच लागत नाही. एक्सप्लोररच्या चालकाकडच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर ॲक्सलचा संकेत छापलेला असतो. त्यात डी-4 असेल, तर गुणोत्तर 3.73 आणि डिफरन्शियल मर्यादित घसरणीचे, म्हणजे लिमिटेड स्लिप. ॲक्सलच्या मागच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी चकती असते. तिच्यावर 3 आणि 73 या आकड्यांच्या मध्ये ‘एल’ हे अक्षर ठोकलेले असेल, तरी अर्थ तोच. चकती गायब असेल, तर झाकण उघडून क्राउनवर कोरलेली दात्यांची संख्या वाचावी: 41 भागिले 11 म्हणजे 3.73. झाकण उघडलेच आहे, तर तळाच्या तेलात बोट फिरवून पाहावे. करडा गाळ चालतो. बोटाला टोचणारे कण आले, तर तो ॲक्सल तिथेच ठेवून पुढच्या गाडीकडे जावे.

3.73 हेच गुणोत्तर का? त्याच इंजिनाने आणि त्याच पहिल्या गिअरने आता चाकांपाशी सुमारे 4,290 न्यूटन-मीटर मिळतात. गाडी सिग्नलवरून सुटते ती वेगळीच. याची किंमत हमरस्त्यावर मोजावी लागते. 25 इंच व्यासाच्या टायरवर ताशी 60 मैलांना 3.00 गुणोत्तराने इंजिन सुमारे 2,400 फेरे घेते, 3.73 ने 3,000 च्या वर जाते. चार गिअरच्या गाडीत ही घरघर तासभर ऐकवत नाही. पाचवा गिअर 0.68 चा असलेला गिअरबॉक्स बसवलेला असेल, तर तेच फेरे 2,050 च्या आसपास उतरतात. गिअरबॉक्स बदलायचा नसेल, तर 3.55 वर समाधान मानलेले बरे. 4.10 हा आकडा शर्यतीपुरताच शोभतो.

आता रुंदी. 1967 ते 1970 च्या मस्टँगचा ॲक्सल सव्वा एकोणसाठ इंचांचा, एक्सप्लोररचा साडेएकोणसाठ. तिथे प्रश्न फारसा नाही. पण 1965 आणि 1966 च्या गाडीला सव्वा सत्तावन्न इंचच चालतात. एक्सप्लोररचे पिनियन मध्यापासून उजवीकडे सरकलेले असल्याने डावी नळी उजवीपेक्षा सुमारे तीन इंच लांब असते. यावरचा तोडगा मोठा हुशारीचा आहे: डावी नळी 2⅞ इंचांनी कापायची आणि लांब शाफ्टच्या जागी दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा, आखूड शाफ्ट घालायचा. मुद्दाम घडवलेल्या शाफ्टचा खर्च वाचतो, पिनियन मध्यावर येते आणि रुंदी साडेछप्पन्न इंचांच्या आसपास बसते. कापलेले टोक परत जोडताना मात्र दोन्हीकडच्या बेअरिंगच्या घरांतून सरळ, जाड दांडा घालून मगच वेल्डिंग करावे. नुसत्या नजरेने जुळवलेली नळी तिरकी राहते आणि बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागते.

पाट्यांच्या स्प्रिंगा ज्या बैठकींवर टेकतात त्या एक्सप्लोररच्या बैठकी कापून टाकाव्या लागतात. नव्या बैठकी आधी फक्त टाके मारून बसवाव्यात, गाडी चाकांवर उतरवून तिचे पूर्ण वजन स्प्रिंगांवर येऊ द्यावे आणि मग पिनियनचा कोन मोजावा. जोर लागला की पाटे पिळले जातात आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. म्हणून उभ्या गाडीत ते दोन-तीन अंश खाली झुकलेले ठेवतात, म्हणजे जोराखाली प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. हा कोन चुकला, तर वेगात गाडी थरथरते आणि फिटर चाकांचे बॅलन्सिंग करत बसतो. कोन पक्का झाल्यावर वेल्डिंग एका दमात करू नये. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, मध्ये गार होऊ देत करावे. प्रॉपेलर शाफ्ट बहुधा नव्या लांबीला कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो, आणि एक्सप्लोररच्या गोल फ्लँजला मस्टँगचा क्रॉस जोडण्यासाठी ॲडॅप्टर लागतो.

साध्या डिफरन्शियलची खोड अशी, की ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते. एक चाक वाळूवर आले, की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण टॉर्क मिळतो आणि गाडी जागच्या जागी एक चाक फिरवत राहते. फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉक या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये बाजूच्या दोन्ही गिअरांमागे क्लचच्या चकत्यांची चळत असते आणि इंग्रजी एस आकाराची स्प्रिंग ती दाबून धरते. या चकत्या झिजतात. तपासणी सोपी आहे: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवर ठेवायचे आणि उचललेले चाक टॉर्क रेंचने फिरवून पाहायचे. ते 20 फूट-पाउंडांच्या आतच फिरू लागले, तर चकत्या संपल्या. त्यांचा संच स्वस्त असतो आणि गाडीतून हाउसिंग न काढताही बदलता येतो. आतले गिअर वेल्डिंगने एकमेकांना जोडून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय काही जण सुचवतात. रस्त्यावरच्या गाडीत तो धोकादायक आहे. प्रत्येक वळणावर एक टायर फरफटतो आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सुटते. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रच्या थारमध्ये मिळणारे यांत्रिक लॉक वेगळ्या जातीचे आहे: चाकांच्या वेगातला फरक वाढला, की ते आपोआप दोन्ही चाके बांधते. भारतात असे बदल करू पाहणाऱ्याने मोटर वाहन कायद्याचे कलम 52 आधी वाचावे. नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा फेरबदल ते करू देत नाही.

गुणोत्तर बदलणे भागच असेल, तर क्राउन-पिनियन जुळवण्याच्या कामात कंजुषी करू नये. पिनियन किती आत बसते हे त्याच्या बेअरिंगखालच्या शिम ठरवतात. बेअरिंगांवरचा ताण एका चुरडणाऱ्या नळीने येतो: नट 140 फूट-पाउंडांच्या वर गेला, की नळी चुरडू लागते, आणि त्यानंतर तो इंचाच्या अंशाने सरकवत दर वेळी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते पाहावे लागते. नव्या बेअरिंगांना 16 ते 29 इंच-पाउंड. मर्यादा ओलांडली, तर नट मागे फिरवून उपयोग नाही. नवी नळी घालून पहिल्यापासून सुरुवात. मग क्राउनचा प्ले: 0.008 ते 0.015 इंच, डायल गेजवर. शेवटी दात्यांना पिवळा रंग लावून क्राउन फिरवतात आणि उमटलेला ठसा वाचतात. ठसा दात्याच्या मुळाकडे गेला, तर पिनियन जास्त आत आहे. शेंड्याकडे गेला, तर बाहेर. घरी हत्यारे नसतील, तर एवढेच काम जाणत्या गॅरेजला द्यावे आणि बाकी सगळे स्वतः करावे.

ब्रेकमध्ये एक अडचण हमखास निघते. 1965-66 च्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. दुहेरी सर्किट 1967 पासून आले. मागे डिस्क घालताना तो बदलावाच, आणि ड्रमसाठी दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवावा. तसे न केल्यास डिस्क घासत राहतात किंवा जोरात ब्रेक लावताच मागची चाके आधी जाम होतात.

हाउसिंगमध्ये सुमारे अडीच लिटर गिअर ऑइल जाते. ट्रॅक्शन-लॉक असेल, तर त्यात चार औंस, म्हणजे सुमारे 118 मिलिलिटर, फ्रिक्शन मॉडिफायर मिसळावा. तो विसरला, तर पार्किंगमध्ये वळताना मागून खडखडाट ऐकू येतो. नवे क्राउन-पिनियन घातले असल्यास पहिले पंधरा-वीस मैल हलक्या पायाने चालवून ॲक्सल पूर्ण गार होऊ द्यावा. पाचशे मैलांनंतर तेल बदलावे. त्या तेलात चांदीसारखी बारीक चमक असणे नेहमीचे आहे; कडा दिसणारे तुकडे निघाले, तर गाडी तिथेच उभी करावी आणि झाकण पुन्हा उघडावे.