कार्डावरचं नाव

दूध ओढताना बाळाच्या कपाळावर घाम येतो का? दोन घोट घेऊन ते दमतं, थांबतं, पुन्हा ओढतं? महिनोन्‌महिने वजनाचा काटा हलतच नाही? आयाबायांनो, ‘अंगानंच बारीक आहे’ म्हणून सोडून देऊ नका. हृदयाला छिद्र असू शकतं. हजारात आठ-नऊ बाळं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात.

मी बालरोगतज्ज्ञ. हे निदान सांगताना पूर्वी माझी जीभ जड व्हायची. पुढचा प्रश्न ठरलेला असे, ‘डॉक्टर, खर्च किती?’ मग जमीन गहाण पडे, नाहीतर मूल तसंच घरी जाई. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढच्या वर्षी राज्यभर पोचली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत, आता पाच लाखांपर्यंत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला कामावर सोबत नेऊ नका.

एक वडील आठवतात. ऊसतोडीवरून थेट आलेले. पिवळं रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बनियनच्या आत जपलेली. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रानं कार्ड उघडलं. आजोबांचं नाव होतं, ते वारलेले. आत्याचं होतं, ती सासरी गेलेली. जिच्यासाठी सगळे आले होते, त्या चार वर्षांच्या पोरीचंच नाव नव्हतं. ‘दोनदा तालुक्याला गेलो साहेब, दोन्ही वेळा माघारी धाडलं.’ हातावरचं पोट, तिसऱ्यांदा मजुरी कशी बुडवणार? नाव चढेपर्यंत ऑपरेशन लांबलं. पोरगी वाचली, म्हणून आज हे सांगवतं.

जन्माची नोंद सरकारदरबारीच होते. तिथूनच नाव कार्डावर का चढू नये? बापाला खेटे का? हे मी भेटेल त्या अधिकाऱ्याला विचारत आलो आहे, आणि विचारत राहणार.

तोवर हे करा. बाळ अगदी तान्हं असेल, तर जन्मदाखला घेऊन आरोग्यमित्राला भेटा. योजनेतल्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. नाव नाही म्हणून दारातून फिरू नका. अडलंच तर १५५३८८ हा नंबर लावा. आणि आज रात्री जेवणं झाली की कार्ड काढा, त्यावरची नावं मोठ्यानं वाचा. धाकट्याचं आहे का, बघा.